काळजी करणे आणि काळजी घेणे : मराठी वाङ्मयातील निश्चिंतीचा विचार

मराठी संतवाङ्मयावर गेली शंभर-सव्वाशे वर्षे जे आक्षेप घेतले जात आहेत, त्यांत निष्क्रियतेचा आक्षेप सर्वांत चिवट होय. संतांनी माणसाला उद्याची चिंता सोडावयास सांगितले, सर्व भार देवावर घालावयास शिकविले, आणि त्यामुळे समाज हातपाय गाळून बसला, असा त्याचा मथितार्थ. इतिहासाचार्य राजवाडे यांनी वारकरी संतांचा धर्म सहिष्णु व रामदासांचा जयिष्णु अशी विभागणी करून या आक्षेपाला तात्त्विक रूप दिले. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या सत्तेच्या इतिहासात संतांच्या चळवळीला मराठी राज्याच्या उदयामागील एक शक्ती मानून याच्या अगदी उलट मत मांडले. पुढे प्रा. गं. बा. सरदार यांनी १९५० मध्ये 'संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' लिहून या प्रश्नाचा अधिक समतोल विचार केला. तथापि वाद मिटला असे म्हणता येत नाही. विद्वानांच्या ग्रंथांतून तो मागे पडला असला, तरी शाळेच्या वर्गात तो अद्याप चालूच आहे. तुकोबांचा अभंग शिकविताना "म्हणजे काही करायचेच नाही का?" असा प्रश्न एखादा चुणचुणीत विद्यार्थी हटकून विचारतो, आणि आपण अध्यापक बहुधा "तसे नव्हे, पण श्रद्धा ठेवावी," असे काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन पुढच्या कडव्याकडे वळतो.

संतांच्या उपदेशाचा समाजावर काय परिणाम झाला, हा ऐतिहासिक प्रश्न आम्ही येथे उकरून काढीत नाही. आमचा प्रश्न त्याआधीचा व वाङ्मयीन स्वरूपाचा आहे. आपल्या वाङ्मयाने भविष्याची चिंता व्यर्थ ठरविली, तेव्हा त्याने नेमके काय व्यर्थ ठरविले? दूरदृष्टी? तजवीज? प्रयत्न? की यांहून निराळे असे काही? या प्रश्नाचा उलगडा झाला तर वर्गातील त्या विद्यार्थ्याला नीट उत्तर देता येईल, आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थांत काम करणाऱ्या आपणा सर्वांनाही त्यातून काही घेता येईल, असा आम्हांस भरवसा वाटतो.

१

प्रथम भाषेचीच साक्ष काढू. मराठीत 'काळजी' या एकाच नामाला दोन क्रियापदे जोडली जातात व दोन अगदी भिन्न अर्थ उत्पन्न होतात. आई आजारी मुलाची काळजी करते, आणि काळजी घेते. 'करणे' ही मनातल्या मनात चालणारी येरझार आहे. 'घेणे' म्हणजे वेळेवर औषध देणे, कपाळावर ओली घडी ठेवणे, वैद्याला बोलावणे. पहिलीत रात्र सरते आणि मुलाला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. दुसरीत काम होते. इतकेच नव्हे, तर काम चालू असेपर्यंत पहिलीला मनात शिरावयास फारशी जागाही उरत नाही. हा भेद कोणा पंडिताने केलेला नाही. घरोघरच्या बायकांच्या बोलण्यात तो रुळलेला आहे. आमच्या मते संतांच्या संपूर्ण विचाराची किल्ली या दोन क्रियापदांत आहे.

'चिंता' या शब्दाचीही तीच गोष्ट. त्याचा मूळ धातु विचार करणे या अर्थाचा. त्याच धातूपासून 'चिंतन' आले, आणि इच्छिले ते देणाऱ्या रत्नाला 'चिंतामणि' हे नाव मिळाले. थेऊरचा गणपती याच नावाने ओळखला जातो. म्हणजे चिंता ही मूळची काही निंद्य वस्तू नव्हे. विचाराचा प्रवाह एका दिशेने वाहू लागला की त्याचे चिंतन होते. तोच एका जागी भोवऱ्यासारखा फिरू लागला की त्याची चिंता होते. मराठीत चिंता 'लागते', 'पडते' आणि माणूस ती 'वाहतो'. चिंतन मात्र कोणाला लागत नाही, कोणावर पडत नाही. ते माणूस स्वतः करतो. एकीचा मनुष्य भारवाही हमाल आहे, दुसऱ्याचा तो कर्ता आहे.

आपल्या म्हणी पाहिल्या तर हाच विवेक दिसून येतो. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' ही म्हण बेसावधपणाची टवाळी करते. म्हणजे लोकांना दूरदृष्टी हवी आहे. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण तर आळशाच्या तोंडी देवाचे नाव घालून त्याची फजिती करते. वारकऱ्यांच्या देशातच ती जन्मली, हे आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे. पण 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण दुसऱ्या टोकाच्या मूर्खपणावर बोट ठेवते. तुरी अजून घरात आलेल्या नाहीत, वरण घट्ट की पातळ हे ठरावयाचे आहे, आणि मार मात्र आजच बसला आहे. न घडलेल्या गोष्टीचे दुःख खऱ्या पाठीवर उमटते, हे चिंतेचे इतके नेमके वर्णन आम्हांस अन्यत्र आढळलेले नाही. 'हात दाखवून अवलक्षण' या म्हणीत तर भविष्य जाणण्याच्या खटाटोपाचीच किंमत सांगितली आहे. लोकांनी या चारही म्हणी एकाच वेळी जवळ बाळगल्या, आणि त्यांत त्यांना विसंगती वाटली नाही. कारण तजवीज आणि चिंता या दोन वस्तू निराळ्या आहेत, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

२

हितोपदेशातील तीन माशांची गोष्ट आपण सर्वांनी शिकली आणि शिकविली आहे. कोळी उद्या जाळे टाकणार हे कळताच अनागतविधाता नावाचा मासा दुसऱ्या जलाशयात निघून जातो. प्रत्युत्पन्नमति मागे राहतो, पण जाळ्यात सापडल्यावर मेल्याचे सोंग घेतो व संधी साधून खोल पाण्यात उडी मारतो. यद्भविष्य "जे व्हावयाचे ते होईल" असे म्हणून स्वस्थ बसतो व मारला जातो. संतांवरील आक्षेपाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे सांगता येईल की, त्यांनी मराठी माणसाला यद्भविष्य बनविले.

या गोष्टीत एक बारीक मुद्दा आहे, व त्याकडे सहसा लक्ष जात नाही. तिघांपैकी चिंता करणारा असा एकही नाही. अनागतविधाता हा चिंताग्रस्त मासा नव्हे. त्याने धोका ओळखला आणि तो निघाला. ओळखणे व निघणे यांच्यामध्ये त्याने तळ्याला घिरट्या घातल्या नाहीत. प्रत्युत्पन्नमतीने आधीपासून काहीच भोगले नाही. प्रसंग आला तेव्हा त्याची बुद्धी ताजी होती. यद्भविष्याने उपाय केला नाही, पण शेवटची रात्र तरी तो सुखाने झोपला. गोष्टीत नसलेला एक चौथा मासा कल्पिता येईल. त्याला धोका पक्का ठाऊक आहे; तो रात्रभर या काठावरून त्या काठावर फिरतो, जाळे कोणत्या बाजूने पडेल याचे शंभर तर्क करतो, निघून गेलेल्याला साहसी म्हणतो, झोपलेल्याला मूर्ख म्हणतो, आणि सकाळी थकलेला असल्यामुळे सर्वांत आधी सापडतो. अनागतविधात्याचे ज्ञान आणि यद्भविष्याची निष्क्रियता या दोहोंचा त्याच्या ठिकाणी संगम झालेला आहे. आपले वाङ्मय चिंता सोडावयास सांगते तेव्हा ते या चौथ्या माशाशी बोलत असते. तू अनागतविधाता होऊ नकोस, असे ते कोठेही सांगत नाही.

३

समर्थ रामदासांच्या ग्रंथांत हे सर्वांत स्पष्टपणे दिसते. ज्यांना प्रयत्नवादाचे आचार्य म्हणून सर्वांपासून वेगळे काढण्यात येते, त्याच समर्थांनी 'मनाच्या श्लोकां'त माणूस वाहतो ती चिंता व्यर्थ असल्याचे बजावले आहे. होणारे अवचित होऊन जाते, प्राप्त भोग कर्मानुसार घडतात, आणि मंदबुद्धी मात्र वियोगाने खेद करीत बसते, असा त्या भागाचा आशय. रामदास प्रयत्नवादी व इतर संत दैववादी अशी सरळ वाटणी करणाऱ्यांची येथे पंचाईत होते. हा श्लोक तुकोबांच्या नावावर असता तर त्यांनी तो निष्क्रियतेचा पुरावा म्हणून काढून दाखविला असता. तो समर्थांचा आहे म्हणून त्याच्याकडे काणाडोळा होतो.

याच समर्थांच्या 'दासबोधा'त दुसरी बाजू विस्ताराने आली आहे. वीस दशक व दोनशे समास यांच्या या ग्रंथात बाराव्या दशकात यत्नशिकवण आहे. एकोणिसाव्या, 'शिकवण' याच नावाच्या दशकात लेखनक्रियेपासून आरंभ करून करंट्याची लक्षणे, सदेवाची लक्षणे, यत्न, राजकारण व विवेक यांचे निरूपण आहे. करंट्याची लक्षणे वाचावीत. त्यांत आळस आहे, अव्यवस्था आहे, विद्येचा कंटाळा आहे. देवाने त्याला करंटे केले असे समर्थ म्हणत नाहीत. त्याचे करंटेपण त्याच्या रोजच्या सवयींत आहे, असे ते दाखवितात. 'दीर्घ सूचना', म्हणजे पुढचे आधी ओळखणे, हा तर त्यांच्या मते शहाण्याचा गुण होय.

मग एकीकडे चिंता व्यर्थ आणि दुसरीकडे दीर्घ सूचना आवश्यक, हे कसे? आमच्या मते उत्तर 'मनाच्या श्लोकां'तच आहे. पहाटे रामाला मनात चिंतावे, या आशयाने दिनक्रमाचा उपदेश करताना समर्थांनी 'चिंतणे' हेच क्रियापद वापरले आहे. म्हणजे मन रिकामे करावयाचे नाही. त्याला दिवसाच्या आरंभीच योग्य जागी लावावयाचे आहे. जी शक्ती चिंतेत खर्च होते तीच चिंतनाकडे, व तेथून सदाचाराकडे आणि यत्नाकडे वळवावयाची आहे. दीर्घ सूचना क्षणात होते. ती झाली की पुढे यत्न सुरू झाला पाहिजे. यत्न सुरू झाला नाही तर तीच दीर्घ सूचना कुजून तिची चिंता होते. समर्थांना तिटकारा आहे तो या कुजण्याचा.

'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकातील संसारी माणसाचे चित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. लग्न होते, मुले होतात, पैसा पुरत नाही. घरधनी परदेशी जातो, काही मिळवून परततो, तो घरी नव्या गरजा उभ्याच असतात. एक काळजी फिटण्याआधी दुसरी उगवते. हे वर्णन संसाराची निंदा म्हणून शिकविले जाते व वैराग्याशी जोडून टाकले जाते. पण त्यातील वाङ्मयीन गुण निराळाच आहे. त्या माणसाने केलेली कोणतीही चिंता पुढे जशीच्या तशी खरी ठरत नाही; येते ते संकट दुसऱ्याच दाराने येते. समर्थांनी हे तत्त्व म्हणून सांगितले नाही, घटनांच्या क्रमातून दाखविले आहे. आणि म्हणूनच ते तत्त्वापेक्षा अधिक पटते.

४

आता तुकोबांकडे वळू. निष्क्रियतेचा आरोप सर्वांत जास्त त्यांच्यावरच झाला आहे, म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे.

तुकोबांनी आपल्या आयुष्याची हकीकत ज्या आत्मचरित्रपर अभंगात सांगितली आहे, त्यातील घटनांचा क्रम मोठा बोलका आहे. आईबाप गेले, दुष्काळाने द्रव्य आटले व मान गेला, एक पत्नी अन्नान्न करीत मेली, व्यवसायात तूट आली, लाज वाटू लागली. हा दुष्काळ म्हणजे दख्खनमध्ये १६३० च्या सुमारास पडलेला भयंकर दुष्काळ होय. भविष्याविषयी भय बाळगावयास याहून सबळ कारण कोणाला असणार? आता या दुःखांच्या यादीनंतर लगेच काय येते ते पाहावे. देवाचे देऊळ भंगले होते, ते बांधावे असे चित्तात आले. मग एकादशीला कीर्तन करणे आले. आरंभी चित्त अभ्यासात नव्हते, हे ते मोकळेपणाने सांगतात. तरी संतांची काही वचने विश्वासाने व आदराने पाठ केली. म्हणजे दुष्काळ, मृत्यू, दिवाळे, आणि त्यानंतर देवळाची डागडुजी, पाठांतर, कीर्तन.

दैवाला बोल लावून स्वस्थ बसलेल्या माणसाची ही दिनचर्या आहे काय? पडके देऊळ दुरुस्त करणे म्हणजे दगड, माती आणि घाम. पाठांतर म्हणजे रोजचा अभ्यास. उद्याचे काय, या प्रश्नाला तुकोबांनी शब्दांनी उत्तर दिलेच नाही. आजच्या कामाने त्या प्रश्नाची जागा घेतली. 'काळजी करणे' संपून 'काळजी घेणे' कसे सुरू होते, याचा मराठीतील हा सर्वांत प्रामाणिक दाखला होय. आणि हा अभंग लिहिणाऱ्याने पुढे हजारो अभंगांची गाथा मागे ठेवली. निष्क्रिय मनुष्याची ही मिळकत नव्हे.

ऋणपत्रांचा प्रसंगही याच दृष्टीने पाहावा. महीपतीच्या 'भक्तलीलामृता'त (१७७४) व वारकरी परंपरेत तो सर्वश्रुत आहे. घरात कुळांकडून येणे असलेल्या रकमांची खते होती. तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडविण्याचे ठरविले, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा याने संसाराची अडचण पुढे केली. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले; भावाचा वाटा त्याच्या हाती दिला, आणि आपला तेवढा नदीत सोडला.

खत ही काय वस्तू आहे, याचा विचार केला तर या प्रसंगाचा अर्थ अधिक खोल जातो. खत म्हणजे कागदावर लिहिलेले भविष्य. अमुक मित्तीला अमुक इतके येईल, या आशेचा तो पुरावा. आणि ते न आले तर, या धास्तीचाही. शिवाय तो कागद दोन घरांत चिंता उत्पन्न करतो. ज्याचे येणे आहे तो वसुलीच्या चिंतेत, ज्याचे देणे आहे तो फेडीच्या चिंतेत. तेव्हा तुकोबांनी एक चिंता बुडविली नाही, दोन बुडविल्या. आणि दुष्काळाने पिचलेल्या कुळांचीही त्यांत सुटका झाली. याला निष्क्रियता म्हणणाऱ्याने कर्ज कधी घेतलेले नसावे.

पण आम्हांस त्याहूनही महत्त्वाचा वाटतो तो भावाचा वाटा. तुकोबांनी आपली निश्चिंती कान्होबावर लादली नाही. संसार चालविणाऱ्याला खते ठेवावीशी वाटतात, यात त्यांना पाप दिसले नाही, उपहास करण्याजोगेही काही दिसले नाही. जो चिंता सोडतो त्याने आपल्या वाट्याची सोडावी. दुसऱ्याच्या पोटाला चिमटा घेऊन निश्चिंत होऊ नये. निश्चिंतीच्या विचाराला नीतीची ही मर्यादा परंपरेने प्रथमपासून घातलेली आहे.

५

आधुनिक काळात हा विचार देवाच्या आधारावाचून टिकतो काय, अशी शंका येईल. तिचे उत्तर शोधताना आपल्या बृहन्महाराष्ट्रातीलच तिघा लेखकांकडे पाहता येते.

ग्वाल्हेरचे राजकवी भास्कर रामचंद्र तांबे (मृत्यू १९४१) यांनी मृत्यूवर ज्या कविता लिहिल्या, त्यांत मरणाला वर व जीवाला नववधू कल्पिणारी कविता प्रसिद्ध आहे. तिची थोरवी अशी की, तीत भय नाकारलेले नाही. अनोळखी घरी निघालेली मुलगी बावरणारच. कवी तिला शूर होण्याचा उपदेश करीत नाही. ओढ आणि भीती एकत्र नांदतात, आणि अखेर ज्याचे भय वाटते त्याच्याच स्वाधीन ते भय केले जाते. त्यांच्या दुसऱ्या एका कवितेत आपल्यामागे जग कसे जसेच्या तसे चालू राहील, लोक क्षणभर हळहळून आपापल्या कामाला कसे लागतील, हे विलक्षण शांतपणे सांगितले आहे. माझ्यामागे कसे होणार, या चिंतेत प्रेमाइतकाच अहंकारही असतो, हे त्या कवितेने उघड केले. माझ्यावाचून सूर्य उगवणार आहे, हे ज्याला खरोखर पटले, त्याची अर्धी चिंता तेथेच संपली.

बडोद्यात पालीचे प्राध्यापक असलेले चिं. वि. जोशी यांनी हीच गोष्ट हसत सांगितली. त्यांचा चिमणराव हा मध्यमवर्गीय चिंतेचा पुतळा आहे. तो प्रत्येक संकट दोनदा भोगतो, एकदा कल्पनेत व एकदा प्रत्यक्षात. आणि कल्पनेतले संकट बहुधा अधिक मोठे असते. त्याच्या शेजारी गुंड्याभाऊला उभे करण्यात लेखकाचे मर्म दिसते. गुंड्याभाऊ निश्चिंत आहे, पण विचारहीन आहे. त्याच्या सोट्याने प्रश्न सुटण्याऐवजी नवे निर्माण होतात. म्हणजे चिमणरावाच्या रोगावर गुंड्याभाऊ हे औषध नव्हे, हेही लेखकाला ठाऊक आहे. विनोदी वाङ्मय म्हणून आपण हे बाजूला ठेवतो, ही आपलीच हानी होय.

तिसरे नाव गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी. त्यांचे 'निवेदन' (१९२४) हे आत्मचरित्र प्रत्येक मराठी शाळेच्या ग्रंथालयात असावयास हवे. घरची नारळीची बागायत, संसाराचा भार, तुटपुंजे शिक्षण. 'बालबोध' मासिकात बुद्धाविषयी वाचले, आणि त्या मार्गाचे ज्ञान मिळवावे हा ध्यास लागला. १८९९ साली ते घराबाहेर पडले. पुढे पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असा प्रवास झाला. काशीत अन्नछत्रावर जेवून संस्कृत शिकणे झाले. या प्रवासात उद्याची तजवीज जवळजवळ कोठेच नव्हती, पण आजचा अभ्यास कधी चुकला नाही. पुढे कलकत्त्याची अधिक वेतनाची जागा सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून, त्यांनी सयाजीराव महाराजांनी देऊ केलेली दरमहा ५० रुपयांची वृत्ती पत्करली. मज्झिमनिकायातील भद्देकरत्त सुत्ताचा आशयही असाच आहे : गेलेल्याच्या मागे लागू नये, न आलेल्याची आस धरू नये, आणि उद्याचा भरवसा नाही म्हणून आजचे कर्तव्य आजच झटून करावे. येथे देवावर भार टाकण्याचा प्रश्नच येत नाही. तरी निष्कर्ष तुकोबांचा आणि समर्थांचाच आहे. निश्चिंती ही भक्तिमार्गाचीच मिरासदारी नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

पण कोसंबींच्या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते निघाले तेव्हा मागे पत्नी व लहान मुलगी होती. त्यांनी उतरवून ठेवलेला भार कोणीतरी उचलला. तुकोबांच्या घरीही जिजाबाईंनी तो उचलला होता. पुरुषाच्या निश्चिंतीची किंमत पुष्कळदा घरातल्या स्त्रीने मोजली आहे, आणि आपल्या चरित्रकारांनी तिला कजाग ठरवून तो हिशेब बंद केला. चिंता सोडा असा उपदेश करताना, ती सोडल्यावर कोणाच्या डोक्यावर जाऊन बसते, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे. तसेच, ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटण्याची शाश्वती नाही त्याला हा उपदेश करण्याचा अधिकार भरल्यापोटी कोणालाच नाही. त्याची चिंता व्यर्थ नाही. ती आपल्यावरील मागणी आहे.

६

आता हा विचार आपल्या दाराशी आणून ठेवतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थांच्या सभांत जो विषय सर्वांत जास्त बोलला जातो, तो 'मराठीचे भवितव्य'. वार्षिक सभा असो वा व्याख्यानमाला, अखेरचे वक्ते या चिंतेवर येऊन थांबतात. मुले मराठी शाळेत येत नाहीत, घरात मराठी बोलली जात नाही, वर्गणीदार कमी झाले. यांतील एकही गोष्ट खोटी नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतरच्या आम्ही ऐकलेल्या भाषणांतही सूर बदललेला नाही.

या ठिकाणी थोडा इतिहास पाहू. साहित्य संमेलन १९२८ साली ग्वाल्हेरला, १९२९ साली बेळगावला, १९३० साली मडगावला व १९३१ साली हैदराबादला भरले. आजच्या महाराष्ट्राच्या सीमेबाहेर सलग चार वर्षे! मडगावला वामन मल्हार जोशी अध्यक्ष होते, हैदराबादला ज्ञानकोशकार केतकर. आपण हे आठवून उसासा टाकतो. पण त्या संमेलनांत बसलेल्या मंडळींना पुढे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना असणे शक्यच नव्हते. संस्थाने विलीन होतील, १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात जाईल, १९६० साली बडोदे गुजरातेत राहील, १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईल, हे कोणाच्याही चिंतेच्या यादीत या रूपाने नसणार. त्यांनी भविष्याची जी काही चिंता केली असेल ती वाया गेली. येणारे दुसऱ्याच दाराने आले. वाया गेले नाही ते त्यांनी त्या त्या वर्षी केलेले काम : छापलेली पुस्तके, उभी केलेली वाचनालये, शिकविलेली मुले. आज आपण ज्या कपाटांतून पुस्तके काढतो ती कपाटे कोणाच्या चिंतेने भरलेली नाहीत.

मराठीची काळजी करणारे पुष्कळ आहेत; मराठीची काळजी घेणारे हवे आहेत. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. काळजी घेणे म्हणजे काय, हे सांगता येते, मोजता येते. आठवड्यातून एक तास मुलांना मोठ्याने वाचून दाखविणे. वाचनालयातील जुन्या, मोडकळीस आलेल्या अंकांची सूची करणे. गावातील वृद्धांच्या तोंडची स्थानिक मराठी, मग ती इंदुरी असो, बडोदेकरांची असो वा बेळगावकडची, उतरवून ठेवणे. जे चार विद्यार्थी येतात त्यांना, चाळीस का आले नाहीत याचे भाषण न ऐकविता, नीट शिकविणे. यांतील कोणतेही काम मराठीचे भवितव्य निश्चित करणार नाही. देऊळ दुरुस्त केल्याने तुकोबांचेही दुष्काळात गेलेले परत आले नाही. पण देऊळ उभे राहिले, आणि त्यात कीर्तन झाले.

वर्गातील त्या विद्यार्थ्याला उत्तर देताना आम्ही आता असे सुचवू की, प्रथम त्याला तुकोबांचा तो आत्मचरित्रपर अभंग द्यावा व दुःखांची यादी संपल्यावर तुकोबा काय काय करतात, ते त्यालाच क्रमाने लिहावयास सांगावे. मग 'मनाच्या श्लोकां'तील चिंतेचा उपदेश आणि 'दासबोधा'तील करंट्याची लक्षणे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. संत काही करू नका म्हणतात काय, हे मग तो आपणच ठरवील. अभ्यासक्रमात हे उतारे निरनिराळ्या इयत्तांत व निरनिराळ्या शीर्षकांखाली विखुरले जातात, त्यामुळे त्यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडत नाही. तो जोडून दाखविणे हे अध्यापकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही मंडळाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.